मातींतील संजीवनी : डॉ. सेल्मन वाक्समन यांचें चरित्र

आपल्या पायांखालीं जी माती पसरली आहे तिच्याकडे आपण क्वचितच आदरानें पाहतों. वहाणा मळल्या तर ती झटकून टाकतों, हात भरले तर धुऊन काढतों, आणि एखादी वस्तु अगदींच कवडीकिमतीची आहे असें सांगावयाचें असलें म्हणजे तिला मातीमोल म्हणतों. परंतु ह्याच मातीच्या एका चिमटींत कोट्यवधि सूक्ष्म जंतूंचें राज्य नांदत असतें. आणि त्या राज्यांतील कांहीं प्रजाजन अशीं द्रव्यें तयार करीत असतात कीं, त्यांच्या योगानें लक्षावधि माणसांचे प्राण वांचले आहेत. ही गोष्ट जगाच्या ध्यानांत आणून देणाऱ्या पुरुषांमध्यें डॉ. सेल्मन अब्राहम वाक्समन यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों. ह्या चरित्रांत चिकाटी आहे, विद्या आहे, यश आहे. आणि यशाच्या पाठोपाठ आलेला एक कटु कलहहि आहे. थोरांच्या आयुष्याची उजळ तेवढी बाजू सांगून थांबण्याची रीति आम्हांस पसंत नाहीं. म्हणून ती दुसरी बाजूहि आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

वाक्समन यांचा जन्म 22 जुलै 1888 रोजीं युक्रेनमधील नोवाया प्रिलुका नांवाच्या लहानशा गांवीं एका यहुदी कुटुंबांत झाला. तो मुलूख त्या काळीं रशियाच्या झारच्या अमलाखालीं होता. गांवाच्या सभोंवतीं काळ्याभोर, कसदार जमिनीचें अफाट मैदान पसरलेलें होतें. सेल्मन लहान असतांनाच त्यांची धाकटी बहीण घटसर्पानें दगावली. घटसर्पावरील प्रतिविष त्या सुमारास शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें होतें. पण त्या खेड्यांत तें वेळेवर मिळण्याची सोय नव्हती. औषध जगांत आहे, परंतु आपल्या घरापर्यंत तें पोहोंचत नाहीं, ह्या दुःखाची ओळख ह्या मुलाला अशी बाळपणींच झाली.

रशियांतील विद्यालयांत यहुदी मुलांस प्रवेश मिळणें त्या काळीं फार दुर्घट असे. सेल्मन यांनीं खासगी शिक्षकांच्या साहाय्यानें अभ्यास केला, स्वतःहून लहान मुलांच्या शिकवण्या केल्या, आणि 1910 मध्यें ओडेसा येथील एका शाळेंतून बाहेरचा विद्यार्थी म्हणून परीक्षा देऊन ते उत्तीर्ण झाले. तत्पूर्वीं एक वर्ष, 1909 मध्यें, त्यांची आई निवर्तली होती. मायदेशीं विद्येचा मार्ग खुंटलेला आणि घरांतील मायेचा आधारहि गेलेला, अशा स्थितींत बावीस वर्षांच्या ह्या तरुणानें अमेरिकेची वाट धरली.

अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत मेटचेन गांवाजवळ त्यांच्या एका नातेवाइकाची लहानशी शेतवाडी होती. तेथें राहून सेल्मन कोंबड्या राखूं लागले, भाजीपाला पिकवूं लागले, खत घालूं लागले. वैद्यकीचा अभ्यास करावा असें त्यांच्या मनांत होतें. परंतु जवळच रटगर्स कॉलेजांत जेकब लिपमन नांवाचे एक अध्यापक होते. तेहि रशियांतूनच आलेले असून मातींतील जंतूंच्या शास्त्रांत त्यांचा मोठा लौकिक होता. त्यांनीं ह्या होतकरू तरुणास शेतकीशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. सेल्मन यांनीं तो मानला व 1911 मध्यें रटगर्समध्यें प्रवेश घेतला. वैद्यकी सोडून मातीकडे वळलेल्या ह्याच विद्यार्थ्याच्या हातून पुढें वैद्यकीला एक अमोल देणगी मिळावयाची होती. पण त्या वेळीं तें कोणास दिसावें?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षीं वाक्समन यांनीं कॉलेजच्या शेतांत चर खणले आणि निरनिराळ्या थरांतील माती आणून तींतील जंतु मोजण्यास आरंभ केला. कांचेच्या बशींत खळीसारखें पोषक द्रव्य घालून त्यावर माती कालवलेल्या पाण्याचा थेंब पसरला म्हणजे कांहीं दिवसांनीं जंतूंचे ठिपके उगवून दिसूं लागतात. ह्या ठिपक्यांत त्यांना वारंवार एक निराळीच जात आढळूं लागली. तिचे ठिपके चामड्यासारखे चिवट, वर पिठूळ भुकटी धरलेले, कधीं पांढरे, कधीं राखी, कधीं निळसर असत. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तर त्यांत बुरशीसारखे बारीक तंतु दिसत. परंतु आकारानें व अंतर्रचनेनें ते जंतूच होते. अशा एका करड्या रंगाच्या जंतूचें वर्णन वाक्समन यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह 1916 मध्यें प्रसिद्ध केलें; ग्रिसियस ह्या जातिनामानें तो ओळखला जातो. पुढें 1943 मध्यें ह्या तंतुमय जंतूंच्या कुलास त्यांनीं व आर्थर हेनरिसी यांनीं स्ट्रेप्टोमायसिस हें नांव दिलें.

ह्या कुलाशीं आपला सर्वांचा परिचय आहे, फक्त तो डोळ्यांचा नसून नाकाचा आहे. वळवाचा पहिला पाऊस पडला म्हणजे तापलेल्या भूमींतून जो सुगंध दरवळतो त्यांत जिओस्मिन नांवाच्या एका द्रव्याचा मोठा भाग असतो, आणि तें द्रव्य मुख्यतः हेच जंतु तयार करतात. पालापाचोळा, मेलेलीं मुळें, किड्यांचीं कवचें असे कठीण पदार्थ कुजवून जमिनीस परत देण्याचें काम हे जंतु अविश्रांत करीत असतात.

1916 मध्यें वाक्समन अमेरिकेचे नागरिक झाले, त्याच वर्षीं त्यांचा विवाह झाला, आणि 1918 मध्यें कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी संपादून ते रटगर्सला परतले. पुढील वीस वर्षें त्यांनीं मातीच्या अभ्यासांतच घालविलीं. शेणखत कुजतें कसें, जमिनीचा काळा कस बनतो कशाचा, जंतु एकमेकांशीं कसे वागतात, हेच त्यांच्या चिंतनाचे विषय होते. 1927 मध्यें त्यांचा मातींतील सूक्ष्मजीवांवरील प्रचंड ग्रंथ बाहेर पडला आणि त्या विषयांतील आचार्य म्हणून त्यांची ख्याति झाली. ह्या सर्व काळांत औषध शोधण्याचा विचारहि त्यांच्या मनांत नव्हता. परंतु विद्येचा व्यासंग निरपेक्षपणें केला असतां त्याचें फळ कोठें व केव्हां पदरांत पडेल हें सांगवत नाहीं, ह्याचें हें उत्तम उदाहरण आहे.

1939 हें वर्ष वळणाचें ठरलें. त्यांचे एक जुने शिष्य रेने द्यूबो यांनीं त्या सालीं मातींतील एका जंतूपासून रोगजंतूंना मारणारें एक द्रव्य वेगळें काढलें. तें पोटांत देण्यास फार विषारी ठरलें, तरी त्यानें गुरूचे डोळे उघडले. मातींत रोग्यांच्या मलमूत्राबरोबर, मृत देहांबरोबर युगानुयुगें असंख्य रोगजंतु पडत आले आहेत. मग माती रोगांचें आगर कां बनली नाहीं? त्यांचा नाश करणारे कोणी तरी मातींतच असले पाहिजेत. वाक्समन यांनीं ठरविलें कीं, योगायोगाची वाट न पाहतां हे पहारेकरी शिस्तीनें हुडकून काढावयाचे. मर्क ह्या औषधांच्या कंपनीनें ह्या कामास द्रव्यसाहाय्य दिलें.

पद्धति सोपी होती, पण कंटाळवाणी होती. माती आणावी, तींतील जंतु एकेक करून वेगळे वाढवावे, प्रत्येकाच्या शेजारीं रोगजंतूंची रेघ ओढावी, आणि कोणाच्या भोंवतीं रोगजंतु उगवेनासे होतात तें पाहावें. हजारों जंतु तपासावे तेव्हां थोडे उपयोगी दिसत. त्यांतून द्रव्य वेगळें काढावें तर तें बहुधा प्राण्यांसहि मारक निघे. 1940 मध्यें अ‍ॅक्टिनोमायसिन सांपडलें. तें अतिशय विषारी निघालें. 1942 मध्यें स्ट्रेप्टोथ्रिसिन सांपडलें. तेंहि जनावरांस बाधूं लागलें. अशा द्रव्यांना इंग्रजींत अँटिबायोटिक हें जें नांव आहे तें आजच्या अर्थानें वाक्समन यांनींच प्रचारांत आणलें. मराठींत त्यांस आपण प्रतिजैविकें म्हणतों. दोनदां हाताशीं आलेला घांस निसटला, तरी प्रयोगशाळेंतील काम एक दिवसहि थांबलें नाहीं.

1943 च्या उन्हाळ्यांत अल्बर्ट शाट्झ नांवाचा तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी सैन्याच्या नोकरींतून मोकळा होऊन वाक्समन यांच्याकडे परतला. तो शेतकऱ्याच्या घरचा, गरिबींत वाढलेला होता. त्यानें क्षयाच्या जंतूवर काम करण्याची तयारी दाखविली. हें काम धोक्याचें असल्यामुळें तें तळघरांतील खोलींत चाले. शाट्झ दिवसरात्र तेथेंच राबत असे. 19 ऑक्टोबर 1943 रोजीं त्याच्या हातीं एक करड्या रंगाचा जंतु आला. त्याच्या दोन वाणांपैकीं एक भरपूर खत घातलेल्या शेतांतील मातींतून मिळाला होता, व दुसरा एका कोंबडीच्या घशांतून. सत्तावीस वर्षांपूर्वीं वाक्समन यांनीं वर्णिलेल्या ग्रिसियस जातीचाच हा जंतु होता. त्याच्यापासून जें द्रव्य निघालें तें पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या अनेक रोगजंतूंस मारी, आणि कांचेच्या नळींत क्षयाच्या जंतूंसहि मारी. त्याचें नांव स्ट्रेप्टोमायसिन. जानेवारी 1944 मध्यें ह्या शोधाचा पहिला निबंध शाट्झ, एलिझाबेथ ब्यूगी व वाक्समन ह्या तिघांच्या नांवानें प्रसिद्ध झाला.

क्षयरोग म्हणजे काय हें आमच्या पालकांपैकीं वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. स्वच्छ हवा, विसांवा व सकस अन्न ह्यांपलीकडे डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नसे. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडी येथें मिशनच्या डॉक्टरांनीं जसें क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम उभारलें, तशीं आरोग्यधामें जगभर होतीं. पण तेथें गेलेल्यांपैकीं किती परत येतील हें कोणी छातीठोकपणें सांगूं शकत नसे. अमेरिकेंत मेयो क्लिनिकच्या फेल्डमन व हिन्शॉ ह्या डॉक्टरांनीं प्रथम गिनीपिग प्राण्यांवर प्रयोग केले आणि 1944 च्या नोव्हेंबरांत एका तरुण स्त्रीस हें औषध देण्यास आरंभ केला. ती बरी झाली. पुढें इंग्लंडमध्यें 1947 सालीं 107 रोग्यांवर मोठ्या काळजीनें तपासणी करण्यांत आली. 55 जणांस विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन दिलें व 52 जणांस केवळ विश्रांति दिली. सहा महिन्यांनीं पाहतां पहिल्या गटांत 4 मृत्यु झाले होते व दुसऱ्या गटांत 14. औषधाचें सामर्थ्य ह्या आंकड्यांनीं निर्विवाद सिद्ध झालें.

आतां हा जंतु हें औषध तयार कसें करतो तें थोडक्यांत पाहूं. जेथवर अन्न मुबलक असतें तेथवर स्ट्रेप्टोमायसिस आपले तंतु जमिनींत पसरीत असतो. अन्न सरूं लागलें म्हणजे तो जमिनीवर तंतु उभारतो आणि त्यांच्या टोकांस धुळीसारखीं बीजें धरूं लागतो. ही संधि नाजूक असते; कारण जुने तंतु विरघळून त्यांचेंच अन्न बीजांस पुरवावयाचें असतें व त्यावर शेजाऱ्यांचा डोळा असतो. प्रतिजैविकें सामान्यतः ह्याच वेळीं निर्माण होतात, आणि शेजाऱ्यांस दूर ठेवण्यास तीं उपयोगी पडत असावींत असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. ग्रिसियस जंतूंमध्यें ह्या कार्याचा इशारा एक लहानसें द्रव्य देतें. तें पुरेसें सांचलें म्हणजे युद्धाचा नगारा वाजल्याप्रमाणें सारी यंत्रणा जागी होते. ह्या द्रव्याचा शोध रशियन शास्त्रज्ञांनीं 1967 मध्यें लावला.

त्यानंतर साध्या ग्लुकोज साखरेपासून एक साखळीच सुरू होते. पेशींतील रासायनिक कामें करणाऱ्या सूक्ष्म कारागिरांस विकर म्हणतात. एक विकर साखरेचा एक कोपरा बदलतें आणि तो अर्धवट पदार्थ पुढच्याच्या हवालीं करतें. दुसरें त्यावर नत्राचा एक अणु जोडतें. तिसरें आणखी कांहीं करतें. अशा वीस-पंचवीस हातांतून जातां जातां साखरेचे तीन निराळे तुकडे घडतात व शेवटीं ते एकत्र सांधून स्ट्रेप्टोमायसिन तयार होतें. ह्यांतील एकहि विकर वगळलें तर औषध होत नाहीं. ह्या कारागिरांच्या कृतीची आज्ञापत्रें, म्हणजेच जनुकें, जंतूच्या वंशसूत्रांत एका ठिकाणीं शेजारीं शेजारीं लागून असतात. आणि मौज अशी कीं, त्यांच्या शेजारींच औषधावर उतारा करणारें जनुकहि असतें. घरांत तयार होणारें हें हत्यार आपल्यासच लागूं नये म्हणून जंतु त्यावर एक टोपण बसवितो आणि बाहेर धाडतांना तें काढून घेतो. रोगजंतूच्या पेशींत प्रथिनें विणणारे जे सूक्ष्म माग आहेत त्यांस हें द्रव्य जाऊन चिकटतें. मग विणकाम चुकीचें होऊं लागतें व रोगजंतु मरतो.

येथवर सर्व गोड होतें. आतां कटु भाग सांगावयाचा. मर्क कंपनीशीं झालेल्या करारानें ह्या औषधाचे सर्व हक्क त्या एका कंपनीकडे जावयाचे होते. एवढें मोलाचें औषध एकाच्या मुठींत राहूं नये असें वाक्समन यांस वाटलें. त्यांनीं कंपनीचें मन वळविलें, कंपनीनेंहि उदारपणें आपला एकाधिकार सोडला, आणि हक्क रटगर्सच्या एका निधीकडे गेले. त्यामुळें अनेक कारखान्यांस हें औषध तयार करतां आलें. ह्याबद्दल दोघेंहि स्तुतीस पात्र आहेत. पण पुढें असें झालें कीं, जगांत सर्वत्र वाक्समन यांचा जयजयकार होऊं लागला व शाट्झचें नांव मागें पडत चाललें. निधीकडून मिळणाऱ्या उत्पन्नाचा कांहीं हिस्सा वाक्समन यांस खासगी रीतीनें मिळत होता आणि ही गोष्ट शाट्झला सांगितलेली नव्हती. ती कळल्यावर 1950 मध्यें त्यानें आपल्या गुरूवर व त्या निधीवर फिर्याद लावली. त्याच वर्षाच्या अखेरीस आपसांत निकाल झाला. शाट्झ हा कायद्यानें व शास्त्रीय दृष्टीनें ह्या शोधाचा सहभागी आहे असें मान्य झालें व त्याला उत्पन्नाचा शेंकडा 3 हिस्सा मिळाला. वाक्समन यांचा हिस्सा शेंकडा 10 ठरला आणि शेंकडा 7 प्रयोगशाळेंतील इतर सहकाऱ्यांत वांटण्यांत आला. तरीहि 1952 सालचें नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांसच मिळालें.

ह्या प्रकरणीं न्याय कोणाच्या बाजूस होता? आम्हांस असें वाटतें कीं, गुरूच्या तीस वर्षांच्या तपश्चर्येवांचून शिष्याला तो जंतु ओळखतां आला नसता, आणि शिष्याच्या तळघरांतील त्या रात्रींवांचून गुरूच्या हातीं औषध आलें नसतें. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांपैकीं एकच सांगणें हा अन्याय होय, आणि तो अन्याय वाक्समन यांच्याकडून घडला असें म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. शाट्झला पुढें अमेरिकेंतील मोठ्या प्रयोगशाळांचीं दारें बंद झालीं. 1994 मध्यें, शोधानंतर पन्नास वर्षांनीं, रटगर्सनें त्याला आपलें पदक देऊन ती चूक कांहीं अंशीं भरून काढली. एलिझाबेथ ब्यूगी यांचें नांव तर पहिल्या निबंधावर असूनहि पेटंटावर नव्हतें.

परंतु वाक्समन यांची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. आपल्या वांट्यास आलेल्या उत्पन्नाचा अर्धा भाग काढून त्यांनीं 1951 मध्यें सूक्ष्मजीवशास्त्राच्या उत्तेजनार्थ एक संस्था स्थापिली. स्ट्रेप्टोमायसिनच्या पैशांतून रटगर्समध्यें सूक्ष्मजीवशास्त्राचें मोठें संशोधनमंदिर उभें राहिलें व 1954 मध्यें तें सुरू झालें. 1949 मध्यें लशेव्हालिए ह्या शिष्यासह त्यांनीं निओमायसिन हें आणखी एक औषध शोधून काढलें होतें. आज तें मलमांत सर्रास वापरतात. 1958 मध्यें ते निवृत्त झाले आणि 16 ऑगस्ट 1973 रोजीं, वयाच्या 85 व्या वर्षीं, कालवश झाले. समुद्रकांठच्या वुड्स होल गांवीं त्यांचें थडगें आहे. त्यावर यशया संदेष्ट्याच्या पुस्तकांतील भूमीविषयींचें एक वचन कोरलेलें आहे. ज्यानें आयुष्यभर भूमि उकरली त्याच्या थडग्यास तें शोभतें.

त्यांनीं दाखविलेल्या वाटेनें पुढें शेंकडों लोक चालूं लागले. जगांतील कानाकोपऱ्यांतून मातीचे नमुने प्रयोगशाळांत येऊं लागले. 1948 मध्यें अमेरिकेंत ऑरिओमायसिन प्रसिद्धीस आलें. त्या संशोधनाचे सूत्रधार आपल्या देशांत जन्मलेले डॉ. यल्लाप्रगड सुब्बाराव होते. आपल्या महाराष्ट्रांतहि पुण्याजवळ पिंपरी येथें 1954 मध्यें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला; तेथें पेनिसिलिन व पुढें स्ट्रेप्टोमायसिनहि तयार होऊं लागलें. इतकेंच नव्हे, तर पिंपरीच्या मातींतल्या एका स्ट्रेप्टोमायसिसपासून तेथील शास्त्रज्ञांनीं बुरशीजन्य रोगांवरचें हॅमायसिन नांवाचें औषध काढलें.

मातींतून औषधें शोधून काढण्यावर पुढील पिढी संतुष्ट राहिली नाहीं. जंतूची ही साखळी आपणच कां बदलूं नये, असा प्रश्न तिनें विचारला. इंग्लंडांत नॉर्विच येथें डेव्हिड हॉपवुड यांनीं स्ट्रेप्टोमायसिसच्या एका निळा रंग तयार करणाऱ्या जातीच्या वंशसूत्राचा अभ्यास चालविला. 1985 मध्यें त्यांनीं जपानी व अमेरिकन सहकाऱ्यांच्या साह्यानें त्या जातींतील जनुकें दुसऱ्या जातींत नेऊन घातलीं. आणि पूर्वीं सृष्टींत न आढळलेलें एक संकरित प्रतिजैविक तयार झालें. कलमी आंब्याचीच युक्ति ती. मात्र येथें फांदीऐवजीं जनुकाचें कलम होतें. 1990 च्या सुमारास एरिथ्रोमायसिन ह्या औषधाच्या निर्मितीचें रहस्य उलगडलें. तेथें तीन प्रचंड प्रथिनें ओळीनें काम करतात, आणि त्यांत मिळून सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा वाढत्या साखळीस एक दुवा जोडतो व ती पुढें सरकवितो. एक कप्पा बदलला कीं औषधाचा तेवढाच अवयव बदलतो. ह्या रीतीनें पुष्कळ नवे प्रकार घडविण्यांत आले. आणि 2001 मध्यें तर त्या औषधाचा गाभा मातीशीं कांहीं संबंध नसलेल्या, आपल्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय ह्या जंतूकडून तयार करवून घेण्यांत आला. 2008 मध्यें जपानी शास्त्रज्ञांनीं ग्रिसियस जातीचें संपूर्ण वंशसूत्र वाचलें. त्यांत सुमारें 85 लक्ष अक्षरें आहेत, आणि निरनिराळीं द्रव्यें घडविणारे तीसहून अधिक जनुकसमूह आहेत. प्रयोगशाळेंतील सुखवस्तु वातावरणांत ह्यांतील बरेचसे मुके राहतात. त्यांना बोलतें कसें करावें हें आजच्या शास्त्रज्ञांपुढील एक मोठें कोडें आहे.

तें कोडें सुटणें अगत्याचें आहे. कारण रोगजंतूहि स्वस्थ बसलेले नाहींत. इंग्लंडांतील त्या 1947 च्या तपासणींतच असें दिसून आलें होतें कीं, कांहीं महिन्यांत क्षयाचे जंतु स्ट्रेप्टोमायसिनला जुमानीनासे होतात. म्हणून त्याच्या जोडीला दुसरीं औषधें देण्याची पद्धति पडली. शिवाय ह्या औषधानें कित्येकांच्या कानांस इजा होई. आज क्षयावर त्याहून बरीं औषधें असून स्ट्रेप्टोमायसिनचा वापर पुष्कळ कमी झाला आहे. पण औषधांस न जुमानणारा क्षय अजून जगांत आहे, आपल्या देशांतहि आहे. वैद्याच्या सल्ल्यावांचून प्रतिजैविकें घेणें, किंवा बरें वाटूं लागतांच आपल्याच मनानें तीं सोडून देणें, ह्यानें अशा जंतूंस बळ मिळतें. पालकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानीं ठेवावी अशी आमची विनंति आहे. एका माणसाच्या हलगर्जीपणाचें मोल त्याच्या शेजाऱ्याच्या मुलास द्यावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, परमेश्वरानें आपल्या पायांखालीं किती संपत्ति ठेवून दिली आहे हें ह्या चरित्रावरून तुम्हांस कळून येईल. ती दिसण्यास वाक्समन यांच्यासारखी तीस वर्षें मान खालीं घालून पाहण्याची तयारी लागते. आणखी एक गोष्ट तो करडा जंतूच आपणांस शिकवितो. त्याच्या पेशींत वीस-पंचवीस कारागीर एकामागून एक हात लावतात तेव्हां औषधाचा एक कण तयार होतो. त्यांतील शेवटच्यानेंच सर्व केलें असें म्हणणें खोटें ठरेल. मनुष्यांच्या कार्याचेंहि तसेंच आहे. लिपमन यांनीं वाक्समन यांस मातीची गोडी लावली, द्यूबो यांनीं गुरूला मार्ग दाखविला, शाट्झ व ब्यूगी यांनीं रात्रीचा दिवस केला, मेयोच्या डॉक्टरांनीं तें औषध रोग्यापर्यंत नेलें. तुमच्यापैकीं कोणी पुढें मोठे व्हाल, कोणाच्या गळ्यांत हार पडतील. त्या वेळीं तळघरांत काम करणाऱ्या आपल्या सोबत्यांस विसरूं नका. त्यांचीं नांवें मोठ्यानें घ्या. तेवढें केलेंत तर वाक्समन यांच्या विद्येचा वारसा तुम्हीं घेतलात, आणि त्यांच्या हातून जें राहून गेलें तेंहि पुरें केलेंत, असें आम्ही समजूं.